इंग्रजी वाक्य नेमकं कुठे बिघडलंय ते ओळखायचं कसं आणि दुरुस्त कसं करायचं

इंग्रजी लिहायचं म्हटलं की आपण घाबरतो ते स्पेलिंगला आणि टेन्सला. स्पेलिंग आता मोबाईलच सुधारतो, टेन्स थोड्या सवयीनं जमतो, पण ऑफिसचा मेल, रजेचा अर्ज किंवा रेझ्युमे वाचून समोरच्याला काहीतरी खटकतं तेव्हा बहुतेक वेळा चूक वाक्याच्या बांधणीत असते. आणि ती चूक अभ्यास कमी पडला म्हणून होते असंही नाही. शब्द इंग्रजी असतात, सांगाडा मराठीचा राहतो. मराठीत तो सांगाडा अगदी बरोबर असतो, म्हणूनच तर लिहिताना आपल्याला काही चुकतंय असं जाणवत नाही.

आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, त्याआधी पाचवीपासून होतं. दोन्ही पिढ्यांची मेल्स माझ्याकडे तपासायला येतात, ओळखीतले लोक पाठवतात, आणि खरं सांगायचं तर बांधणीच्या चुका दोघांच्याही त्याच असतात. त्यामुळे वय झालं, आता काय शिकणार, असं कुणी मनाशी धरू नका. व्याकरणाचं अख्खं पुस्तक पाठ करायची गरज नाही. क्रियापदं मोजता आली, त्यांचे कर्ते शोधता आले आणि दोन वाक्यं जोडणारे शब्द मोजता आले की निम्म्याहून जास्त चुका तुमच्या तुम्हालाच दिसायला लागतात.

आता एकेक पायरी घेऊ. सोबत स्वतःचा एखादा जुना मेल उघडून ठेवा, नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

पायरी १: पूर्ण क्रियापदं शोधा

वाक्य समोर घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. पण सगळ्या नाही, फक्त पूर्ण क्रियापदांखाली. मराठीत 'करतो', 'केलं', 'करेन' ही पूर्ण, आणि 'करून', 'करत', 'करताना', 'करायला' ही अपुरी, शाळेत यांना धातुसाधितं म्हणायचो. इंग्रजीत तसंच आहे. 'वर्क्स', 'वर्क्ड', 'विल वर्क', 'इज वर्किंग', 'हॅज वर्क्ड' ही पूर्ण. नुसतं 'वर्किंग' किंवा 'टू वर्क' हे अपुरं, त्याच्याखाली रेघ नाही.

ही रेघ मारतानाच पहिली चूक सापडते. 'आय वर्किंग इन ठाणे' यात रेघ मारायला काहीच नाही, कारण 'ॲम' राहिलंय. रेझ्युमेत आणि कव्हर लेटरमध्ये हमखास दिसणारं 'वर्किंग ॲज ॲन अकाउंटंट सिन्स २०१९.' हेही वाक्य नाही, तुकडा आहे. रेझ्युमेच्या मुद्द्यांमध्ये असे तुकडे चालतात, तिथली पद्धतच तशी आहे, पण कव्हर लेटरमध्ये 'आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन अकाउंटंट सिन्स २०१९.' असंच पाहिजे. वाक्य कितीही लांब असू दे, त्यात एकही पूर्ण क्रियापद नसेल तर शेवटी फुलस्टॉप टाकला म्हणून ते वाक्य होत नाही.

पायरी २: जोड मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे जरा थांबू.

एका वाक्यात जितकी पूर्ण क्रियापदं, त्यापेक्षा बरोबर एक कमी जोड हवा. एक क्रियापद असेल तर जोड शून्य, दोन असतील तर एक, तीन असतील तर दोन. जोड म्हणजे 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो' हे साधे, मग 'बिकॉज', 'ॲज', 'सिन्स', 'इफ', 'व्हेन', 'व्हाइल', 'ऑल्दो', 'आफ्टर', 'बिफोर', 'अंटिल' हे दुय्यम वाक्य घेऊन येणारे, आणि 'दॅट', 'हू', 'व्हिच', शिवाय मध्ये आलेले 'व्हेअर', 'हाऊ', 'व्हाय' हे सुद्धा. म्हणजे आपली शाळेतली उभयान्वयी अव्ययं आणि त्यांची भावंडं.

जोड कमी पडला तर काय होतं बघा. 'द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' क्रियापदं दोन, 'वॉज' आणि 'मिस्ड'. जोड शून्य. मध्ये नुसता स्वल्पविराम आहे आणि इंग्रजीत स्वल्पविरामाला दोन पूर्ण वाक्यं जोडायचा अधिकार नाही. मराठीत 'गाडी लेट झाली, इंटरव्ह्यू हुकला' हे एकदम सुरेख वाक्य आहे, म्हणून ही चूक आपल्या नजरेला दिसतच नाही. मराठीत मुळात विरामचिन्हं आली एकोणिसाव्या शतकात, ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, त्याआधी मोडीत तर शब्दसुद्धा सलग लिहायचे. त्यामुळे स्वल्पविराम म्हणजे 'जरा श्वास घ्या' एवढंच आपण धरून चालतो. इंग्रजीत तसं चालत नाही.

दुरुस्ती तीन-चार प्रकारे होते. सरळ दोन वाक्यं करा: 'द ट्रेन वॉज लेट. आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' किंवा जोड घाला: 'द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' किंवा जोड सुरुवातीला न्या: 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' अर्धविरामही चालतो, तो स्वतः जोडाचं काम करतो, पण सवय नसेल तर माझं ऐका आणि फुलस्टॉपच वापरा, त्यात चुकायला काही नसतं.

आता उलटं, जोड जास्त झाला तर. हे तर आपलं खास. 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर, सो आय कॅनॉट अटेंड ऑफिस.' रजेचा अर्ज आणि हे वाक्य यांची जोडी महाराष्ट्रात कधी तुटलेलीच नाही. मोजा: क्रियापदं दोन, 'ॲम सफरिंग' आणि 'कॅनॉट अटेंड'. जोडही दोन, 'ॲज' आणि 'सो'. एक जास्त. मराठीत 'ज्याअर्थी-त्याअर्थी', 'जरी-तरी', 'जेव्हा-तेव्हा' अशा जोड्या लागतात, एक घातला आणि दुसरा नाही तर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत एकच घालायचा. 'ॲज' ठेवा नाहीतर 'सो' ठेवा. तसंच 'ऑल्दो ही इज रिच, बट ही इज अनहॅपी' यातला 'ऑल्दो' काढा किंवा 'बट' काढा, दोन्ही नको.

'इफ' आणि 'देन' मात्र बरोबर वापरले तरी चालतात. कारण 'देन' हा जोडच नाही, ते क्रियाविशेषण आहे. 'हाऊएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'देन', 'ऑल्सो' हे सगळे जोडासारखे दिसतात पण मोजायचे नाहीत. 'द पेमेंट वॉज डन, हाऊएव्हर आय डिड नॉट गेट द रिसीट.' यात क्रियापदं दोन आणि खरा जोड शून्य, म्हणजे चूक. 'डन' नंतर फुलस्टॉप द्या, 'हाऊएव्हर' नवीन वाक्यात घ्या आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम. चांगले शिकलेले, मॅनेजर पदावरचे लोक इथे चुकतात, कारण आपल्या 'त्यामुळे' आणि 'म्हणून' ला जोडायची मुभा आहे आणि ती आपण 'देअरफोर' लाही देऊन टाकतो.

आणि मग ते एकटं पडलेलं 'बिकॉज'. 'आय कुड नॉट कम. बिकॉज माय मदर वॉज इल.' दुसरं वाक्य बघा, क्रियापद एक, जोड एक. हवा होता शून्य. म्हणजे हा जोड कुणाला तरी जोडायला निघालाय आणि त्याला फुलस्टॉपनं अडवलंय. फुलस्टॉप काढा, झालं. मराठीत 'कारण आई आजारी होती' हे स्वतंत्र वाक्य म्हणून सर्रास लिहितो, तिथूनच हे येतं.

मोजताना चार गोष्टी लक्षात ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही. 'टी अँड कॉफी' मधला 'अँड' दोन नामं जोडतो, तो मोजायचा नाही. 'आय थिंक ही इज राइट' मध्ये जोड दिसत नाही कारण तिथे 'दॅट' गाळलेला आहे, मनात धरा आणि मोजा. 'द बुक आय बॉट' मध्येही तसंच. 'ही केम, सॅट अँड एट' अशी यादी असेल तर तिथला स्वल्पविराम 'अँड' च्या जागी असतो, तो मोजला जातो. आणि 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स' यांच्यापुढे नुसतं नाम किंवा 'इंग' वालं रूप आलं, जसं 'सिन्स २०१९' किंवा 'आफ्टर सबमिटिंग', तर तो जोड नाही.

पायरी ३: प्रत्येक क्रियापदाला एक कर्ता, एकच

मराठीत कर्ता गाळता येतो, क्रियापदच सांगतं कोण ते. 'उद्या येतो, आलो की फोन करतो.' इंग्रजीत 'विल कम टुमॉरो' हे व्हॉट्सॲपवर ठीक आहे, मेलमध्ये 'आय' लागतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते जिथे कर्ता म्हणून खरंतर कुणीच नसतं तिथे. 'इथे खूप उकडतंय' यात कोण उकडतंय? कुणीच नाही. पण इंग्रजीला रिकामी खुर्ची चालत नाही म्हणून 'इट' बसवतात: 'इट इज व्हेरी हॉट हिअर.' आपण लिहितो 'हिअर इज व्हेरी हॉट'. तसंच 'इन अवर सोसायटी इज नो लिफ्ट' नाही, 'देअर इज नो लिफ्ट इन अवर सोसायटी'. आज्ञा किंवा विनंती असेल, 'प्लीज सेंड द फाईल', तर कर्ता 'यू' गृहीत असतो, तेवढा अपवाद.

एकाऐवजी दोन कर्तेही होतात. 'द डॉक्युमेंट्स व्हिच यू आस्क्ड फॉर, दे आर अटॅच्ड.' हे 'जी कागदपत्रं मागितली होती ती जोडली आहेत' या वाक्याचं सरळ इंग्रजी रूप, 'जी' ला 'व्हिच' आणि 'ती' ला 'दे'. क्रियापद-जोडाचा हिशोब बरोबर येतो, दोन आणि एक, म्हणून दुसऱ्या पायरीत ही चूक निसटते. पण 'आर अटॅच्ड' ला आधीच 'डॉक्युमेंट्स' हा कर्ता आहे, 'दे' फालतू आहे. काढून टाका: 'द डॉक्युमेंट्स व्हिच यू आस्क्ड फॉर आर अटॅच्ड.'

कर्ता सापडला की तो एकवचनी की अनेकवचनी ते बघा, आणि इथे एक सापळा आहे. 'द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड.' 'डॉक्युमेंट्स' अनेकवचनी दिसलं, लगेच 'आर' लिहिलं. मराठीत 'कागदपत्रांची यादी जोडली आहे' म्हणताना खरा कर्ता 'यादी' क्रियापदाच्या जवळ येतो, म्हणून चूक होत नाही. इंग्रजीत 'लिस्ट' पुढे जातो आणि क्रियापदाला चिकटून राहतं ते भलतंच नाम. उपाय असा की 'ऑफ' पासूनचा भाग बोटानं झाकायचा: 'द लिस्ट... इज अटॅच्ड.' 'वन ऑफ द ऑफिसर्स हॅज सेड' हेही तसंच. आणखी एक म्हणजे मराठीत भूतकाळात क्रियापद कर्मामागे जातं, राजूनं आंबा खाल्ला, राजूनं पोळी खाल्ली. इंग्रजीत क्रियापद कर्मामागे कधीच जात नाही, त्यामुळे वाक्यात पुढे काय आलंय याचा विचारच करू नका, फक्त कर्ता बघा.

पायरी ४: अपुऱ्या क्रियापदाचा मालक तपासा

पहिल्या पायरीत जी 'इंग' वाली रूपं आपण सोडून दिली त्यांच्याकडे आता परत या. वाक्याच्या सुरुवातीला असं रूप असेल तर ते काम करणारा आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच पाहिजे. 'वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी.' आपल्या डोक्यात 'रस्त्यानं चालताना मला कुत्रं चावलं' असं असतं आणि मराठीत चालणारा 'मी' आहे हे 'मला' वरून कळतं. इंग्रजी वाक्यात मात्र चालत होता तो कुत्रा. 'आफ्टर सबमिटिंग द फॉर्म, द क्लार्क टोल्ड मी टू वेट' मध्ये फॉर्म क्लार्कनं भरला असं होतं. अशा वेळी 'इंग' सोडा आणि कर्ता उघड लिहा: 'आफ्टर आय सबमिटेड द फॉर्म, द क्लार्क टोल्ड मी टू वेट.'

पायरी ५: आतल्या वाक्याचा क्रम आणि 'मी कोण'

'प्लीज टेल मी व्हॉट इज द फी.' प्रश्न स्वतंत्र असेल तर 'व्हॉट इज द फी?' बरोबरच, पण तोच दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की प्रश्नाचा उलटा क्रम सोडून सरळ क्रम घ्यायचा: 'प्लीज टेल मी व्हॉट द फी इज.' 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' नाही, 'व्हेअर ही इज'. मराठीत 'फी किती आहे?' आणि 'फी किती आहे ते सांगा' यात क्रम बदलतच नाही, म्हणून हे मुद्दाम लक्ष ठेवूनच करावं लागतं.

यापेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगणं. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' हे मराठीत बरोबर, 'मी' म्हणजे तोच. हेच इंग्रजीत 'ही टोल्ड मी दॅट आय विल कम टुमॉरो' असं लिहिलं तर अर्थ होतो की मी, म्हणजे लिहिणारा माणूस, उद्या येणार आहे. वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, त्यामुळे कुठलंही चेकर ॲप त्याखाली लाल रेघ मारणार नाही, आणि वाचणारा वेगळाच अर्थ घेऊन बसेल. तारीख, पैसे, भेटीची वेळ अशा गोष्टींत हे महागात पडतं. 'ही टोल्ड मी दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' असं लिहा. 'की' नंतरच्या प्रत्येक 'मी' वर आणि 'तू' वर थांबून विचारायचं, हा नक्की कोण?

पायरी ६: यादी एकाच साच्यात

'माय ड्यूटीज आर मेन्टेनिंग अकाउंट्स, टू प्रिपेअर इनव्हॉइसेस अँड कस्टमर कॉल्स.' तीन गोष्टी, तिन्हींचा साचा वेगळा. 'मेन्टेनिंग अकाउंट्स, प्रिपेअरिंग इनव्हॉइसेस अँड आन्सरिंग कस्टमर कॉल्स' केलं की झालं. रेझ्युमेत ही एकच दुरुस्ती केली तरी कागद लगेच नीटनेटका दिसतो.

आता एक अख्खा मेल घेऊ

सरावासाठी मी मुद्दाम बनवलाय, यातलं प्रत्येक वाक्य बिघडलेलं आहे. आधी स्वतः मोजा, मग पुढे वाचा.

'ॲज आय हॅव लेफ्ट द हॉस्टेल इन मे, सो प्लीज रिफंड माय डिपॉझिट. आय मेट द वॉर्डन, ही सेड दॅट आय विल चेक अँड टेल यू. आफ्टर सबमिटिंग द नो-ड्यूज फॉर्म, द ऑफिस डिड नॉट गिव्ह मी अ रिसीट. द कॉपीज ऑफ माय फी रिसीट इज अटॅच्ड. बिकॉज आय नीड द मनी फॉर माय न्यू ॲडमिशन. काइंडली टेल मी व्हेन विल आय गेट इट.'

पहिलं वाक्य: क्रियापदं 'हॅव लेफ्ट' आणि 'रिफंड', जोड 'ॲज' आणि 'सो'. एक जास्त, 'ॲज' काढला. शिवाय मे महिना सांगितलाय, होऊन गेलेली ठरावीक वेळ, म्हणून 'हॅव लेफ्ट' ऐवजी नुसतं 'लेफ्ट'.

दुसरं: 'मेट', 'सेड', 'विल चेक', 'टेल', क्रियापदं चार. जोड 'दॅट' आणि 'अँड', दोनच. हवेत तीन. 'वॉर्डन' नंतर 'अँड' घातला. आणि 'दॅट' नंतरचा 'आय' म्हणजे वॉर्डन, तर तो 'ही' झाला, 'विल' चा 'वुड', 'यू' चा 'मी'.

तिसरं: पूर्ण क्रियापद एकच, हिशोब बरोबर, पण फॉर्म ऑफिसनं भरला असं दिसतंय. 'आफ्टर आय सबमिटेड' केलं. आता क्रियापदं दोन झाली आणि 'आफ्टर' हा खरा जोड झाला, हिशोब पुन्हा जुळला.

चौथं: 'ऑफ' पासून पुढचं झाका, 'कॉपीज... आर अटॅच्ड'.

पाचवं: एक क्रियापद, एक जोड, म्हणजे तुकडा. त्याला सहाव्याच्या मागे जोडलं, आणि सहाव्यात 'विल आय' चं 'आय विल' केलं.

'आय लेफ्ट द हॉस्टेल इन मे, सो प्लीज रिफंड माय डिपॉझिट. आय मेट द वॉर्डन, अँड ही सेड दॅट ही वुड चेक अँड टेल मी. आफ्टर आय सबमिटेड द नो-ड्यूज फॉर्म, द ऑफिस डिड नॉट गिव्ह मी अ रिसीट. द कॉपीज ऑफ माय फी रिसीट आर अटॅच्ड. काइंडली टेल मी व्हेन आय विल गेट द डिपॉझिट, बिकॉज आय नीड द मनी फॉर माय न्यू ॲडमिशन.'

बघा, एकही मोठा शब्द घातलेला नाही. मजकूर तोच आहे, शब्दही जवळपास तेच, आणि तरी आता हा मेल लिहिणारा आपली बाजू नीट मांडू शकणारा माणूस वाटतो. माझा जीव तुटतो तो इथे. कितीतरी हुशार मुलंमुली मुलाखतीपर्यंत पोचत नाहीत आणि कितीतरी रास्त तक्रारी बाजूला पडतात, आणि कारण असतं चार जागी चुकलेले जोड.

सराव कसा करायचा

सगळ्या पायऱ्या एका वाचनात करू नका, डोकं फिरतं. एका फेरीत फक्त क्रियापद-जोड, दुसऱ्या फेरीत फक्त कर्ते, तिसरीत बाकीचं. मेल शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचत या, कारण सरळ वाचलं की अर्थाच्या ओघात आपण वाहत जातो आणि बांधणी दिसत नाही. एका वाक्यात चार क्रियापदं झाली तर मोजत बसू नका, वाक्य तोडा. लांब वाक्य लिहिलं की इंग्रजी भारी वाटतं हा समज सोडलेलाच बरा.

ग्रामरली किंवा गूगल डॉक्ससारखी साधनं जरूर वापरा, पण आधी स्वतः मोजून मग. ॲपनं काही बदल सुचवला तर लगेच क्लिक करण्याआधी बघा, क्रियापद बदललंय, जोड बदललाय की कर्ता. कारण कळलं नाही तर तीच चूक पुढच्या मेलमध्ये परत येते.

आणि स्वतःचे जुने, पाठवलेले आठ-दहा मेल काढून त्यात कुठली चूक पुन्हापुन्हा होते ते एका कागदावर लिहा. कुणाचं 'ॲज-सो' असतं, कुणाचा स्वल्पविराम, कुणाचं 'व्हॉट इज द फी'. बहुतेकांच्या ठरलेल्या दोन-तीनच निघतात. तो कागद कॉम्प्युटरशेजारी चिकटवा आणि सुरुवातीचे काही आठवडे मेल पाठवण्याआधी तेवढ्याच तपासा, बाकीच्या पायऱ्या नंतर घ्या.